इंजिन गरम होण्याआधी

पुण्यात थंडी आली की ती मला आधी कानाला कळते, अंगाला नंतर. कात्रजच्या माझ्या खोलीत एरवी घाटातल्या ट्रकांची नुसती घरघर येत असते. कार्तिक सरला की एखाद्या सकाळी त्या घरघरीतून एकेक आवाज सुटा होतो. दुधाच्या गाडीत आपटणारे क्रेट, कुणाच्या तरी बादलीची कडी, समोरच्या गल्लीत स्कूटरला मारलेली किक आणि ती सुरू झाली नाही म्हणून दिलेली शिवी. मी अंथरुणातच म्हणतो, आली. गेल्या वर्षीपासून थंडी म्हटली की मला गारठा आठवत नाही. आठवते ती एक फुसफुस, इतकी बारीक की आहे की नाही हेच कळू नये. बिबवेवाडीच्या एका पार्किंगमध्ये गेली थंडी मी ती कान लावून शोधली.

मी गाडी चालवतो. गाडी माझी नाही, सरांची. सर म्हणजे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, शनिवार पेठेत जन्मलेले गृहस्थ. बिबवेवाडीत राहून अर्धं आयुष्य गेलं, तरी शनिवारात जायचं असलं की अजून 'गावात जाऊन येतो' म्हणतात. घरात ते आणि काकू. मुलगी परदेशात. गाडी पांढरी, छोटी, मुलीच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली. रविवारी सकाळी बॉनेट उघडून तिचं सगळं घरच्या घरी करायचं, हा सरांचा नेम. पण डोळ्यांचं ऑपरेशन झालं, कान मंदावले आणि चालवणं सुटलं. म्हणून मी.

माझं गाव वाशीम जिल्ह्यात. आठवी झाली आणि शाळा सुटली. सोडली असं म्हणवत नाही, भरल्या बसच्या दांड्यावरून हात सुटतो तशी सुटली. बाप अंथरुणाला खिळला आणि त्या थंडीत मी दप्तराऐवजी कापसाची झोळी बांधली. दवानं ओली बोंडं, त्यांची टोकं बोटांत शिरायची, आणि धुक्यात पलीकडच्या तासातून, म्हणजे कापसाच्या ओळीतून, मायचा आवाज यायचा, "गजू, हायेस ना रे बाप्पा?" दिसायचो नाही म्हणून ती मधून मधून हाक मारायची. मी 'हाव' म्हणायचो. एवढंच. पुढचा तास.

पुण्यात आल्यावर मी पुष्कळ दिवस तोंडच उघडलं नाही. 'मले' म्हटलं की कोणीतरी हसायचं. सरांकडे लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी चहा घेऊन मी जिन्यात उभा राहिलो, तर काकू बाहेर आल्या. "जिन्यात काय पितोस? आत खुर्च्या आहेत, त्या आम्ही भाड्यानं नाही आणलेल्या." आत बसलो. घाबरत घाबरत काहीतरी बोललो, त्यात 'मले' आलंच. मी जीभ चावली. काकू म्हणाल्या, "बोल रे तसंच. इथं सगळे एकसारखं बोलतात, मेला कंटाळा येतो." त्या दिवसापासून माझा चहा त्यांच्या घरातल्या कपात. या गोष्टीचे आभार कसे मानतात ते मला शाळेनं शिकवलं नाही, आणि पुढंही कुणी शिकवलं नाही.

काकूंना डायलिसिस. एक दिवसाआड, सकाळची पहिली पाळी. मी उजाडता उजाडता यायचो, सर त्यांना धरून जिना उतरवायचे. सोसायटी जुनी, लिफ्ट नाही. काकू प्रत्येक पायरीला थांबायच्या आणि थांबल्याचं दिसू नये म्हणून काहीतरी विचारायच्या. "कालच्या पावट्याला वास होता का हो?" सरांना ते ऐकू यायचं नाही. ते 'हो' म्हणायचे.

मागच्या थंडीत गाडीला कापरं भरलं. सुरू केली की धडधडायची, आवाज वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर. सिग्नलला थांबलं की सगळी गाडी थरथरायची आणि कधी कधी गप्पच व्हायची. मागून हॉर्न. पहिल्यांदा वाटलं, माझाच क्लच चुकला. दुसऱ्यांदाही तेच वाटलं. मला नेहमी आधी तेच वाटतं. येताना तर काकू निम्म्या झालेल्या असायच्या. दवाखान्याच्या तळघरात गाडी पुन्हा गार पडलेली, आणि तिचा सगळा कंप मागच्या सीटमधून त्यांच्या अंगात. शाल घट्ट धरून त्या डोळे मिटायच्या.

कॅब हा उपाय नव्हता. एकदा केली होती. येताना काकूंना मळमळलं, थोडं सांडलं, आणि ड्रायव्हर तोंडानं काही बोलला नाही, पण त्यानं चारही काचा उघडल्या. काकूंनी ते मनाला लावून घेतलं. "आपली गाडी असेल तर जाईन," म्हणाल्या.

आणि मग मार्केट यार्डाच्या सिग्नलला आपलीच गाडी बंद पडली. भाजीचे टेम्पो दोन्हीकडून. कोथिंबिरीचा वास, शिव्या, हॉर्न. कशीबशी सुरू करून बाजूला घेतली. मागून काकूंचा आवाज आला, अगदी शांत, भाजीचा भाव सांगावा तसा. "गजू, आता पुन्हा ही रस्त्यात बंद पडली ना, तर मी समजेन पुरे झालं. मग मला नेऊ नका. यांना मी सांगेन, तू मध्ये पडू नकोस."

मी आरशात बघितलं. त्या बाहेर बघत होत्या. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना कारण हवं होतं. सुयांना, त्या खुर्चीला, जिन्याला त्या कंटाळल्या होत्या. स्वतःहून 'नाही' म्हणायचं तर सरांकडे बघून म्हणवत नव्हतं. गाडीनं ते त्यांच्या वतीनं म्हटलं असतं.

हे मी सरांना सांगायला नको होतं, पण सांगितलं. पार्किंगमध्ये, त्यांच्या कानाशी जाऊन, मोठ्यानं. एवढी जड गोष्ट ओरडून सांगावी लागली. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, "उद्या लवकर ये. गाडी गार असताना."

गॅरेजवाल्याकडे आम्ही आधी नेली होती. पण दुपारी. दुपारपर्यंत गाडी गरम व्हायची आणि शहाण्या मुलासारखी उभी राहायची. तो म्हणायचा, "काका, एकदम ओके आहे. जुनी झाली, काढून टाका." सर म्हणाले होते, "मीही जुना आहे. मला कुठे काढणार?" फोनवर मुलगीही तेच म्हणत होती, विका. सगळे विका म्हणत होते, आणि कापरं भरायचं ते फक्त सकाळी, फक्त गारठ्यात, गरम होईपर्यंतच्या थोड्या वेळात.

"कुठूनतरी हवा ओढतेय," सर म्हणाले. आणि मला समजावलं. मला कुणी समजावून सांगायला लागलं की आधी भीती वाटते, फळ्यासमोर उभं केल्यासारखी. पण सर इंजिनाकडे बघून बोलतात, माणसाकडे नाही, ते बरं पडतं. म्हणाले, इंजिन श्वास घेतं. त्याला हवा दारातून यायला हवी, म्हणजे तेवढ्याला तेवढं पेट्रोल मिळतं. पण आतली ओढ एवढी असते की एखादी रबरी नळी जरा चिरली, तरी फटीतून हवा आत शिरते. ती कुणी मोजलेली नसते. "मग त्याला कळत नाही काय करावं. कमी पडलं म्हणून नाही थरथरत, नको तिथून जास्त येतंय म्हणून थरथरतं. थंडीत रबर आक्रसतं, फट उघडते. गरम झालं की मऊ पडतं, मिटते. सापडली तर आत्ताच सापडेल."

हे वाक्य मी नंतर बरेच दिवस चघळलं. मलाही आयुष्यभर वाटत आलं की माझ्यात काहीतरी कमी आहे, म्हणून मी थरथरतो. शाळा कमी, भाषा कमी. पण खरं तर कमी काही नसतं. कुठूनतरी काहीतरी आत येत राहतं. फोन वाजला की गावाकडून वाईट बातमी, सरांनी हाक मारली की नोकरी गेली, काकू आरशात दिसल्या नाहीत की त्यांना काहीतरी झालं. कोणत्या फटीतून येतं, ते शोधायला कधी कुणी बसलं नाही.

त्या थंडीत आम्ही मात्र बसलो. डायलिसिस नसलेल्या सकाळी. पार्किंगची फरशी बर्फासारखी, वॉचमननं कोपऱ्यात पेटवलेल्या पुठ्ठ्यांचा धूर. सर कानटोपीत, हातात इस्त्रीच्या वेळी पाणी फवारायची बाटली, त्यात साबणाचं पाणी. पहिली आज्ञा मला, "मफलर काढ. पंख्यात गेला तर गाडी वाचेल, तू नाही." मग गाडी सुरू. तिचं कापरं सुरू. सर एकेक नळी चिमटीत दाबून बघायचे, जोडावर साबणाचं पाणी मारायचे. फटीत पाणी ओढलं गेलं तर क्षणभर आवाज बदलतो म्हणे. बदलायचा नाही. बघता बघता गाडी गरम व्हायची, कापरं थांबायचं, आणि सर म्हणायचे, "झालं. शाळा सुटली." पुन्हा पुढच्या गार सकाळी.

मग एके दिवशी सरांनी बागेच्या पाइपचा हातभर तुकडा आणला. एक टोक कानाला लावायचं, दुसरं इंजिनावर फिरवायचं, डॉक्टर छातीवर नळी फिरवतात तसं. त्यांनी आधी स्वतः लावला. बराच वेळ वाकून ऐकत राहिले. मग सरळ झाले आणि पाइप माझ्यासमोर धरला.

"मला नुसती गर्जना येते. बारीक आवाज माझ्या कानातून गेले सगळे. तू ऐक."

मी म्हटलं, "सर, मला काय कळणार?"

"कळायचं काही नाही. ऐकायचं आहे."

मी कानाला लावला. काय सांगू, आत एक गाव होतं. टकटक, सळसळ, पट्ट्याची कुरकुर, पंख्याचा वारा. प्रत्येक ठिकाणी मी म्हणायचो, "इथं नाही." सर माझ्या ओठांकडे बघून मान हलवायचे. चुकलो तर, ही भीती होतीच. आपण 'नाही' म्हटलेल्या जागीच ते असेल तर. काकूंचं पुढचं सगळं माझ्या एका कानावर टांगलेलं.

आणि बॅटरीच्या पलीकडे, करंगळीएवढ्या जाडीच्या एका नळीशी, ते आलं. दातांच्या फटीतून मूल हवा ओढतं तसं. स्स्स्स. मी श्वास रोखला. हललो तर जाईल असं वाटलं. पाइप पुढे नेला, गेलं. मागे आणला, आलं. मी नीट खाली बघितलं, आणि ते कुठून येतंय हे दिसल्यावर माझ्या तोंडून सरळ निघून गेलं, "सर, काकूंच्या दोऱ्याखालून."

बोललो आणि मग कळलं, हे बोलायचं नव्हतं.

त्याचं असं. सरांचा दंडक आहे, गाडीला काही बांधायचं नाही, लटकवायचं नाही. "लिंबू सरबताला, मिरची ठेच्याला," हे त्यांचं वाक्य सोसायटीत सगळ्यांना पाठ. खंडेनवमीला गाडी धुवायची, फूल वाहायचं, संपलं. पण मी आलो त्या पहिल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकू खाली आल्या. "हे आंघोळीला गेलेत तोवर उघड पटकन." कमरेच्या पिशवीतून देवीचा लाल-पिवळा दोरा काढला आणि आत हात घालून त्या नळीला घट्ट आवळून गाठ मारली. तिथं आधीच कितीतरी वर्षांचे दोरे होते, एकावर एक, खालचे विटून मातकट झालेले. "यांना सांगू नकोस," म्हणाल्या. मी कधीच सांगितलं नव्हतं.

सरांना 'दोरा' हा शब्द ऐकू गेला की नाही, कळेना. ते वर गेले. वरून काकूंचा आवाज, "उदबत्ती कुठे नेताय?" आणि सरांचा, "खाली आरती आहे." परत आले ते पेटती उदबत्ती घेऊन. आधी मला विचारलं, "पेट्रोलचा वास येतोय? नीट सांग. नाक सांगतंय की भीती?" मी पुन्हा पुन्हा हुंगून नाही म्हटलं, तेव्हा पुढे झाले. शेजारी वाळूची बादली ठेवायला लावली, आणि इंजिन धडधडत असताना उदबत्ती त्या गाठीपाशी नेली.

धूर वर जायचा तो वाकला. सरळ वाकला, आणि लाल-पिवळ्या दोऱ्याच्या खाली शिरून नाहीसा झाला.

मी सरांकडे बघितलं. ते धुराकडे बघत होते. गाडी बंद करायला लावली त्यांनी. पार्किंग एकदम शांत झालं, वॉचमनच्या शेकोटीचं तडतडणंसुद्धा ऐकू यायला लागलं.

"सर, मी सांगणार होतो…"

"काय सांगणार होतास? मी बहिरा आहे, आंधळा नाही. गाडी घेतली त्या दसऱ्यापासून बघतोय तो."

मग इंजिनाकडेच बघत म्हणाले, "बाकीच्या सगळ्या नळ्या बदलल्या मी. काही तर दोनदा. ही तेवढी राहिली."

का, ते मी विचारलं नाही. नळी बदलायची तर दोरा काढावा लागला असता. दोरा काढला तर तिला कळलं असतं की यांनी बघितला. इतकी वर्षं दर रविवारी ते त्या दोऱ्याच्या भोवतीनं इंजिन पुसत आले, आणि आत रबर कडक होत होत, गाठीखाली चिरत गेलं.

नवी नळी आणली. जुनी काढायची वेळ आली तेव्हा मी ब्लेड दोऱ्याकडे नेलं, तर सरांनी हात धरला. "तो नाही." नळीच दोन्ही बाजूंनी कापली, आणि गाठींसकट तो बोटभर तुकडा रुमालात घेऊन खिशात ठेवला. मग वरचा, त्या वर्षीचा दोरा तेवढा हलक्या हातानं सोडवला. मला वाटलं, खिशात जाईल. त्यांनी तो बॅटरीच्या लोखंडी पट्टीला बांधायला सांगितला. "ढिला बांध. बोट आत जायला हवं."

बांधला. त्यांनी स्वतः बोट घालून बघितलं.

दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. अंधुक उजेड, धुकं. गाडी एका किल्लीत लागली आणि नुसती गुणगुणत उभी राहिली. काकू बसल्या. मार्केट यार्डाच्या सिग्नलला मी थांबलो आणि आपोआप हात किल्लीकडे गेला. काही झालं नाही. मागून त्या म्हणाल्या, "नळी बदलली म्हणे यांनी."

"हो काकू."

"दोरा आहे का रे?"

"आहे. दुसरीकडे बांधला."

"तू?"

"मी. सरांनी सांगितलं तसा."

सिग्नल सुटला, मी गिअर टाकला. मग त्या हसल्या, त्या थंडीत पहिल्यांदाच. "मला माहीत होतं यांना दिसतो ते. बाकी इंजिन कधी काळं असायचं, पण दोऱ्यावर तेलाचा डाग कधी नसायचा. पुसताना किती जपत असतील, मेले." आणि थोड्या वेळानं, "तुम्ही दोघांनी मिळून माझं कारण काढून घेतलंत, गजू."

मी 'हाव' म्हटलं.

एवढंच झालं. यात सांगण्यासारखं मोठं काही नाही. काकू बऱ्या झाल्या नाहीत. तो आजार तसा बरा होत नाही. संक्रांतीला त्यांनी मला तिळाची वडी दिली आणि स्वतः हातात धरून नुसता वास घेतला. उन्हाळ्यात महिनाभर दवाखान्यातच होत्या. पावसाळ्यापासून उतरताना पायरीवरचे प्रश्नही बंद झाले, दम पुरत नाही. पण त्या येतात. एक दिवसाआड, शालीत, सरांच्या हाताला धरून येतात. मी खाली दार उघडून उभा असतो आणि जिन्यातून त्यांची पावलं ऐकतो. एक पाऊल, थांबणं, पुन्हा एक. माय धुक्यात हाक मारायची ती उगाच नव्हे, हे मला आता कळतं. माणूस दिसत नसलं की आवाजावरच धरून ठेवावं लागतं. फोनवर माय आजही 'जेवला का' विचारण्याआधी गप्प राहून माझा श्वास ऐकते. मीच इतकी वर्षं समजत होतो की रेंज नाही.

यंदाच्या खंडेनवमीला काकूंना खाली येणं झालं नाही. मी फुलं न्यायला वर गेलो, तर त्या खाटेवर बसलेल्या, आणि हातात दोरा. लपवलेला नाही, तळहातावर उघडा. सर समोर उभे.

"बांधता?" काकू म्हणाल्या.

सरांना ऐकू आलं, की दिसलं, देव जाणे. दोरा घेतला. "कुठे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला माहितीये."

खाली येऊन त्यांनी बॉनेट उघडलं. त्यांची बोटं आता थरथरतात, गाठ बसायला वेळ लागला. मी पुढे होणार होतो, झालो नाही. गाठ मारून झाल्यावर त्यांनी त्यात बोट घालून बघितलं. मग मला म्हणाले, "बघ, ढिला आहे ना." मीही घालून बघितलं.

आणि आता पुन्हा थंडी. आज सकाळी मार्केट यार्डाच्या सिग्नलला थांबलो होतो. टेम्पोंच्या दिव्यांत धुकं पिवळं झालेलं, कुठूनतरी शेवंतीचा वास. काचा बंद. रेडिओ मी या गाडीत लावत नाही. मागून काकूंचा श्वास येतो तो ऐकतो, आत जातो तो आणि बाहेर येतो तो. आज तो फार बारीक होता. मी आरसा वळवला. डोळे मिटलेले, डोकं काचेला टेकलेलं, शालीतून बाहेर आलेला हात सीटवर पालथा. मी इंजिनाचा आवाज मनातून बाजूला केला, टेम्पोंचा केला, हॉर्नचा केला, आणि कान मागे लावून बसलो, त्या पाइपच्या तुकड्याशी बसायचो तसा.

तेवढ्यात त्यांचा हात सीटवर चाचपडला. काहीच हलत नाही, काहीच थरथरत नाही, म्हणून त्या दचकल्या असाव्यात. डोळे न उघडताच म्हणाल्या,

"बंद पडली का रे?"

"नाही काकू," मी म्हटलं. "चालू हाये."